अनंताच्या मानेतलं पाणी

अमावास्येला टोकावड्याच्या धाऊ भगताच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मध्ये चाळिशी ओलांडलेला अनंता बसला होता. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. दुखत नव्हती, पण वाढत होती.

"हडळीनं पाणी भरलंय मानंत!" धाऊ गरजला. त्याने गाठीवर हळद चोळली, शिंगाची तुंबडी लावली आणि तोंडाने हवा ओढली. तुंबडीत तपकिरी पाणी आलं आणि गाठ गायब! "बघा रं, पळाली!"

मी अनंताचा शेजारी, पेशाने मास्तर. अशा थोतांडावर माझा काडीचा विश्वास नाही, तरी त्या दिवशी मीही अनंताची मान चाचपून पाहिली; गाठ खरंच लागत नव्हती.

दिवाळीला गाठ पुन्हा वर आली. अनंताची बायको लहानी रडत आली. "गुरुजी, हडळ बोकड मागतेय!"

हडळीला मटणाची चव नेमकी धाऊच्याच जिभेने कळते. मी दोघांना मुरबाडला डॉक्टर श्वेताबाईंकडे नेलं. त्यांनी गाठीत सुई घातली. तेच तपकिरी पाणी आलं, गाठ बसली.

"बाय, तुमालापन मंतर येतो?" लहानीने विचारलं.

"मंत्र कसला? हळद चोळताना धाऊनेही सुई टोचली असणार. तुंबडीने नुसतं ओढलं. पण लहानीबाई, मीही याला बरं केलेलं नाही. पाणी गेलं, ते साठवणारी पिशवी आतच आहे."

पाण्याच्या तपासणीत काही सापडलं नाही. लहानी हसली, बाई हसल्या नाहीत. "चाळिशीनंतर मानेत अशी गाठ आली की नुसत्या पाण्याच्या तपासणीवर भरवसा ठेवायचा नाही."

त्यांनी सोनोग्राफीत बघून पिशवीच्या भिंतीचा तुकडा काढवला, घसाही तपासवला. कर्करोग निघाला. मूळ घशातल्या टॉन्सिलमध्ये, तिथून मानेत पसरलेला, पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे. अनंताने कधी विडीही ओढली नव्हती. लहानीने बाईंचा हात धरला.

"जगंल ना ओ?"

"हा प्रकार उपचारांना चांगली दाद देतो. पण आता वेळ घालवू नका."

उपचारांसाठी मुंबईला निघताना अनंताने जीप धाऊच्या दारात थांबवली. अंगणात धाऊसमोर गावातली सावळी बसली होती, गळ्यावरच्या गाठीला हळद लावून. अनंता पुन्हा भरलेली गाठ दाखवत तिच्यासमोर वाकला.

"माजीपन यानंच काढली होती, सावळे. हात लाव. हाय का नाय अजून? गाठ दिसंनाशी झाली म्हंजे आजार गेला असं नाय गो. तुजी कसली हाय ते डाक्तरला बघू दे. मला लय भेव वाटतंय, म्हणून तर सांगतोय. ऊठ, गाडीत जागा हाय."