हार्मन ग्रोव्हच्या संडासाला आर्किटेक्ट हवा

हार्मन ग्रोव्ह गावाला तळ्याकाठच्या बागेत एक संडास हवा होता. बायकांचा एक, पुरुषांचा एक, मध्ये भिंत, बाहेर हात धुवायला नळ. वेंडेल ओल्टमन्सने तो अर्ध्या कागदावर काढून दाखवला होता. उरलेल्या अर्ध्यावर त्याची किराण्याची यादी होती. पण वेंडेल पडला उद्यान मंडळाचा संचालक, आणि संचालकाने चित्र काढलं म्हणून इलिनॉयमध्ये संडास उभा राहत नाही. त्याला आर्किटेक्ट लागतो, आणि आर्किटेक्ट निवडायला कायदा आहे. कायदा म्हणतो, आधी सगळ्यांत लायक कोण ते ठरवा. तो पैसे किती घेणार आणि वेळ किती लावणार, ते निवड झाल्यावर विचारा. नाही पटलं तर त्याला रीतसर नमस्कार करा आणि दुसऱ्या नंबरच्याकडे जा. एकदा नमस्कार केला की पुन्हा त्याच्या दारात जायची सोय नाही.

"आपल्याकडे खेचरसुद्धा असं कुणी घेतलं नाही कधी," वेंडेलची आई म्हणाली.

आईचं नाव अर्लीन, वय ब्याऐंशी. गेल्या सप्टेंबरपर्यंत ती आणि मेट्टा, व्हिओला, लोइस या तिच्या तीन मैत्रिणी रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारायच्या. त्या वयात फेरी मारायची तर वाटेत संडास लागतो, आणि बागेत होता तो भाड्याने आणलेला निळा प्लॅस्टिकचा डबा. सप्टेंबरात वारा सुटला, आणि अर्लीन आत असताना डबा आडवा झाला, तोही दाराच्या बाजूवर. अकरा मिनिटांनी बायकांच्या सॉफ्टबॉल टीमने तो उचलून सरळ केला. अर्लीन बाहेर आली, थँक्यू म्हणाली, घरी गेली आणि त्यानंतर चालायला म्हणून घराबाहेर पडली नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात पाय थांबले की थांबलेच. वेंडेल रोज संध्याकाळी आईकडे जायचा. खुर्चीपासून फ्रीजपर्यंतचं अंतर तिला दर आठवड्याला थोडं जास्त पडतंय, हे त्याला दिसत होतं.

"पक्का बांध," ती म्हणायची. "विटांचा. मग येते."

जाहिरात दिल्यावर एकोणीस फर्मनी फायली पाठवल्या. मंडळाच्या पाच सभासदांनी शंभरपैकी मार्क दिले आणि तीन नावं वर काढली. पहिली शिकागोची. त्यांनी दोन विमानतळ आणि एक वाळवंटातलं संग्रहालय बांधलं होतं. दुसरी राज्याच्या राजधानीतली इंजिनिअरांची फर्म, त्यांच्याकडे भूजलतज्ज्ञ चार होते. तिसरी शेजारच्या गावातल्या गिंगरिच भावंडांची, मर्ल आणि रूथॅन.

मुलाखतीत रूथॅन म्हणाली, "आम्ही बागांमधून अकरा संडास बांधलेत."

"आणि?" अध्यक्षांनी विचारलं.

"सगळे चालू आहेत."

अध्यक्ष होते रोलंड काप्पेल. आयुष्यभर डुकरांचं खाद्य विकलं, आता निवृत्त. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "संडासाव्यतिरिक्त काही?"

मर्लने विचार केला. "एक संडास जरा मोठा होता," तो म्हणाला.

'अनुभवाचं वैविध्य' या रकान्यात गिंगरिच भावंडांना वीसपैकी दोन पडले.

शिकागोहून आलेल्या तरुणाच्या गळ्यात जूनमध्ये मफलर होता. त्याचं नाव जूलियन. त्याने बासष्ट चित्रं दाखवली. एकाही चित्रात संडास नव्हता. शेवटी दिवे लागल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "आम्ही याला इमारत मानत नाही. चालणाऱ्या माणसाच्या दिवसातला हा एक विराम आहे."

रोलंडनी रुमाल काढला. चाळीस वर्षं खाद्याची पोती उचलल्यावर त्यांच्याशी असं कुणी बोललंच नव्हतं. वर जूलियनने बुटाच्या खोक्याएवढी प्रतिकृती आणली होती. तिच्यात छोटी झाडं होती, बाकावर बसलेला छोटा माणूस होता. रोलंडनी तो माणूस बोटाने हलवून पाहिला. शिकागोला अठ्ठ्याण्णव मार्क पडले.

आता हार्मन ग्रोव्हची एक गोष्ट सांगायला हवी. मंडळावर पाच जण. त्यातले तीन कुठेही एकत्र आले आणि मंडळाच्या कामाबद्दल बोलले, की कायद्याने ती सभा होते, आणि सभेची सूचना अठ्ठेचाळीस तास आधी दारावर लावावी लागते. त्यामुळे मॅव्हिस टीमन आणि दातांचा डॉक्टर ड्वेन हे दोन सभासद दुकानात चीज बघत उभे असले, तर रोलंड चीज न घेताच घरी जातात. चर्चमध्ये सभासद असे विखरून बसतात की पाद्र्याला वाटतं, गर्दी वाढली. रोलंडच्या मुलीच्या लग्नात केक कापेपर्यंत ड्वेनला अंगणात उभं केलं होतं. त्याने तक्रार केली नाही. प्लेट खिडकीतून दिली होती.

या सगळ्यावर नजर ठेवायला ओपल ट्रेनरीबाई होत्या. चौतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. कायद्याची प्रत त्यांच्या पर्समध्ये असायची, आणि घड्याळ हातात.

तर जागा बघायला सभासद दोन-दोन करून बागेत गेले. पहिल्या दिवशी मॅव्हिस आणि ड्वेन. पाहणी झाली, आणि दोघं निळ्या डब्यापाशी रांगेत उभी राहिली, कारण आत कुणीतरी होतं. ते कुणीतरी बाहेर आलं. ते रोलंड होते. त्यांना राहवलं नव्हतं, म्हणून एकटेच तळं बघायला आले होते.

तिथेच त्यांनी निघून जायला हवं होतं. पण ते हात पुसत म्हणाले, "मला तो विरामवालाच पटतो."

मॅव्हिसने मान हलवली. ड्वेन "हं" म्हणाला.

पलीकडच्या बाकावर बसलेल्या ट्रेनरीबाईंनी फोटो काढला.

मंडळाच्या वकिलाने 'हं'वर दोन आठवडे अभ्यास केला. 'हं' हा चर्चेचा भाग आहे की शरीराचा आवाज, यावर निवाडे सापडले नाहीत. त्याने वेंडेलला फोन केला. "धोका नको. क्रम पुन्हा जाहीर सभेत मंजूर करून घ्या आणि वाटाघाट तिथेच करा, लोकांसमोर. तिन्ही फर्मना बोलावून ठेवा."

"सभा कुठे घ्यायची?"

"जनतेला सोयीचं पडेल तिथे. जागा संचालक ठरवतो."

वेंडेलने फोन ठेवला आणि फायली पुन्हा उघडल्या. शिकागोवाल्यांच्या फाईलमध्ये कामाच्या टप्प्यांचं पान होतं. पहिलाच टप्पा म्हणजे चौदा महिने लोकांच्या चालण्याचं निरीक्षण. त्यानंतर आराखडा, त्यानंतर बहुतेक वीट. आणि आई काल फ्रीजपर्यंत जाताना मध्येच टेबलाला धरून थांबली होती.

त्याने सूचना टाइप केली. 'उद्यान मंडळाची विशेष सभा. गुरुवार, सकाळी नऊ. स्थळ: तळ्याकाठची बाग, निळ्या स्वच्छतागृहासमोर.'

संध्याकाळी आईने सूचना दोनदा वाचली. "कॉफी कोण आणणार?"

"कॉफी नाही ठेवलेली गं."

"सभा आणि कॉफी नाही? आपण काय रानटी आहोत का? चर्चचं कॉफीचं मोठं पिंप मी आणते."

"तू बागेत येणार?"

"गाडीतून येणार. बसून राहणार. चालणार नाही, उगीच आशा लावून घेऊ नकोस."

गुरुवारी घडीच्या टेबलामागे पाच सभासद बसले. समोर तीस-एक माणसं. एका बाजूला जूलियन, मधे राजधानीचे इंजिनिअर, टोकाला गिंगरिच भावंडं पाय लांब करून. अर्लीनने चाळीस कपांचं पिंप टेबलाशेजारी गवतावर ठेवून घेतलं आणि बसल्या जागेवरून सभासदांना स्वतः कप भरून दिले. कप अर्धा झाला की पुन्हा भरला. ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची पाई आणली होती, ती चांगलीच गोड होती, त्यावर आणखी कॉफी लागली. रोलंडनी चार कप घेतले. अर्लीनसमोर नको म्हणायची गावात पद्धत नव्हती.

क्रम पुन्हा मंजूर व्हायला पाऊण तास लागला. मग रोलंड प्रतिकृतीवर बोलू लागले. दहा वाजता मॅव्हिसने एक पाय दुसऱ्यावर टाकला. सव्वादहाला ड्वेन उठला आणि डब्याकडे निघाला.

दारावरची पट्टी लाल होती.

"आत कोण आहे?" त्याने हळूच विचारलं.

"मी," आतून अर्लीनचा आवाज आला. "चालू द्या तुमचं."

वेंडेल पळत गेला. आई कधी उठली, वीस पावलं चालून कधी गेली, त्याला कळलंच नव्हतं. "आई, बरी आहेस ना? दार उघडू का?"

"दाराला हात लावलास तर बघ. मला बोलायचंय. जनतेला बोलायला वेळ असतो ना?"

रोलंड म्हणाले, "अर्लीन, बाहेर येऊन बोल की."

"बाहेरच बोललं पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

सगळ्यांनी ट्रेनरीबाईंकडे बघितलं. त्यांनी पर्समधून प्रत काढली, दोन पानं उलटली. "नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या. "फक्त आधी नाव आणि गाव सांगायचं. मग तीन मिनिटं."

"अर्लीन ओल्टमन्स. हार्मन ग्रोव्ह," डब्याच्या वरच्या जाळीतून आवाज आला. "नऊ महिने मी घरात बसून आहे. मेट्टा, व्हिओला आणि लोइस पण. या डब्यात पडल्यावर मला वाटलं, मी अशीच मरणार, आणि पेपरात लिहून येणार. तेव्हा बांधणार कधी, एवढंच विचारा. बाकी काही विचारू नका. किती मिनिटं झाली, ओपल?"

"अर्धं."

"उरलेला वेळ मी आत गप्प बसणार आहे."

"ते चालतं," ट्रेनरीबाई म्हणाल्या.

अडीच मिनिटं झाली, तीन झाली. पट्टी लालच राहिली. ट्रेनरीबाईंनी जाहीर केलं की बोलायची वेळ संपली आहे, पण बसायच्या वेळेबद्दल कायद्यात काही सापडत नाही.

ड्वेन परत येऊन बसला, पण खुर्चीच्या कडेवर. "विचारा हो लवकर," तो म्हणाला.

मॅव्हिसने विचारलं, "जूलियन, कधी बांधणार?"

जूलियनने मफलर सारखा केला. "विराम घाईने बांधता येत नाही."

"आकडा सांग, पोरा," ड्वेन म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"निरीक्षणाचे चौदा महिने धरून... साधारण तीन वर्षं. आम्हाला आधी माणूस का थांबतो, हे समजून घ्यायचंय."

"मी सांगतो का थांबतो," ड्वेन म्हणाला. "सूचक मी. शिकागोशी वाटाघाट संपली."

"अनुमोदन," मॅव्हिस म्हणाली.

रोलंडनी प्रतिकृती जवळ ओढली. "थांबा. असली माणसं पुन्हा या गावात येतील का? एकदा नाही म्हटलं की संपलं." त्यांचा आवाज कापत होता, आणि तो फक्त कॉफीने नव्हे, हे वेंडेलला जाणवलं. त्याला वाईटही वाटलं. पण चौथा कप जिंकला. अध्यक्ष उठले आणि झपाझप रस्त्यापलीकडच्या सोयाबीनच्या शेताकडे चालू लागले. सोयाबीन तेव्हा घोट्याएवढं होतं. जनतेने माना वळवल्या. ट्रेनरीबाईंनी तेवढ्यापुरता कॅमेरा पर्समध्ये ठेवला.

इतिवृत्तात 'अध्यक्ष सोयाबीनकडे' असं लिहून ठराव चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला.

राजधानीच्या इंजिनिअरांनी सांगितलं की भूजलाची पातळी दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे मोजल्याशिवाय... वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनाही नमस्कार झाला.

"गिंगरिच?"

रूथॅन उठलीही नाही. "ऑक्टोबर. बर्फाच्या आधी. खर्च या कागदावर आहे."

"कागद फिरवा," मॅव्हिस म्हणाली. कागद फिरला. इतक्या वेगाने या मंडळात कधी काही वाचलं गेलं नव्हतं. "सगळे बाजूने?" चार हात वर गेले. पाचवे परत येत होते, त्यांनी रस्त्यातूनच हात वर केला. तो मताचा होता की ट्रक थांबवायचा, हे लिहिणाऱ्याने विचारलं नाही.

सभा संपताच पट्टी हिरवी झाली. अर्लीन बाहेर आली, थोडी पांढरी पडलेली, केस जाळीला घासून विस्कटलेले. समोर रांग होती. रांगेत चार सभासद होते, कामाबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

वेंडेलने तिचा हात धरला. "पाऊण तास होतीस आत."

"चाळीस मिनिटं. ओपलला विचार."

"वारा सुटला असता तर?"

"मी तेच म्हणत होते पहिली दहा मिनिटं. कडी दोन्ही हातांनी धरली होती. मग रोलंडचं भाषण ऐकू यायला लागलं आणि रागात विसरले." तिने तळ्याकडे बघितलं. "ऑक्टोबर म्हणाली ना ती पोरगी?"

"हो."

"चार महिने आहेत मग. तोपर्यंत काय खुर्चीत बसू?"

"आई, आज इतकं झालंय, उद्या सुरू कर हळूहळू. मी गाडी आणतो."

अर्लीनने हात सोडवून घेतला आणि तळ्याच्या वाटेला लागली. पावलं छोटी होती, पहिल्या बाकापाशी ती थांबली, बाकाची पाठ धरली, श्वास घेतला. वेंडेलला वाटलं, आता बसेल. ती बसली नाही. मागून रोलंड हाका मारत होते, करारावर संचालकाची सही आत्ताच हवी, रूथॅनला निघायचंय.

"ठेवा टेबलावर," वेंडेल न वळता म्हणाला, आणि आईला गाठायला त्याला थोडं पळावं लागलं.