राखलेलं पाणी

कुणाला गोवर होतो, कुणाला कावीळ होते, तशी माझ्या दिराला प्रगती झाली. अजून उतरलेली नाही.

आमची लॉन्ड्री आहे. लॉन्ड्री म्हटलं की लोकांना काचेचं दार आणि गुळगुळीत काउंटर दिसायला लागतो. आमच्याकडे मागचं अंगण आहे, पत्र्याची शेड आहे, कपडे धुण्याची दोन खडखडणारी यंत्रं आहेत आणि कोपऱ्यात विहीर. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, वसतिगृहातल्या उशांचे अभ्रे, सगळं आमच्याकडे येतं आणि गल्लीतल्या बायका ते धुतात. विहीर आमच्या अंगणात असली तरी पाणी गल्लीचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण कुणी विसरतही नाही.

पाण्याची आमची एक रीत आहे. शेवटच्या टाकीत कपडे खळबळले की ते पाणी मधल्या टाकीत जातं, मधल्या टाकीतलं पहिल्या टाकीत, आणि पहिलीतून जे काळंकुट्ट निघतं ते वाळूच्या खड्ड्यात मुरतं. आणि रविवारी विहिरीला हात लावायचा नाही. तिला भरू द्यायचं. माझा नवरा गेला तो रविवार होता. त्या दिवशीही सासूबाईंनी पंप लावू दिला नाही. घरभर जमलेल्या पाहुण्यांना अंघोळीला पलीकडच्या गल्लीत धाडलं. तेव्हा मला राग आला होता, आज येत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा दीर शाळेत जायचा. त्याच्या शर्टाला इस्त्री मी करायची आणि गणितात नापास झाला की मार चुकवायला तो माझ्या मागे लपायचा. नवरा गेल्यावर लॉन्ड्री आम्ही दोघांनी चालवली. तो गिऱ्हाइकं आणायचा, मी कामं काढून घ्यायची. कधी तू-तू मैं-मैं झाली नाही.

मग परिसर विकास कार्यालयातून निरोप आला. भागात नवी वसाहत उभी करायची आहे, कारखाने येणार, मोठी हॉटेलं येणार, तेव्हा कुठे किती पाणी आहे ते बघायला माणसं येतील. सासूबाईंनी लगेच कंबर कसली.

"लोक विहीर बघायला येणार आणि आपण त्यांना तळ दाखवायचा? चारचौघांत नाक कापलं जाईल."

झालं! पाहुण्यांसाठी घर झाडावं तशी गल्लीने विहीर राखली. आठवडाभर पंप बंद. बायकांनी ओली धुणी डोक्यावर घेऊन पार नदीपर्यंत खेपा घातल्या, माना मोडून घेतल्या, पण विहिरीत बादली सोडली नाही. कार्यालयातल्या मॅडम आल्या तेव्हा पाणी काठाला आलेलं. त्यांनी फीत सोडली, मोजलं आणि मनापासून "वा!" म्हणाल्या. सासूबाई तर अशा लाजल्या की जणू त्यांनाच कुणी बघायला आलंय. खरी गोष्ट काय ते कुणी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. पोटाला चिमटा काढून पाहुण्याचं ताट भरायचं, आणि मग पाहुण्यानेच म्हणायचं की तुमच्याकडे काय, रेलचेल आहे. हा शहाणपणा आमच्या गल्लीलाच जमायचा.

महिन्याभराने सभा झाली. शाळेच्या हॉलमध्ये पंखे घरघरत होते आणि भिंतीवर रंगीत नकाशा लावला होता. नकाशावर आमच्या अंगणाच्या जागी निळा ठिपका. मॅडम म्हणाल्या, इथे शिल्लक पाणी आहे, वापराविना पडून आहे. इथे खोल बोअर घेऊन वसाहतीत मोठी लॉन्ड्री काढता येईल, साऱ्या हॉटेलांचं काम येईल. दीर त्यात भागीदार. मला हे तिथे बसून कळलं. घरात, एका ताटलीत शेंगदाणे खाताना, त्याला सांगावंसं वाटलं नव्हतं.

मी उभी राहिले. "मॅडम, ते शिल्लक नाही. राखलेलं आहे. कपाटात दागिना ठेवला म्हणजे तो नकोसा झालेला नसतो." आणि त्या आठवड्याची सगळी हकीकत सांगून टाकली. सासूबाईंनी मान खाली घातली, पण खोटं आहे म्हणाल्या नाहीत.

मॅडम बाई वाईट नव्हत्या. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं. "हे तेव्हाच सांगायचं होतं हो. आता पुन्हा मोजणी पुढच्या वर्षी होईल. मंजुरी या वर्षाची आहे. जमीनमालक तयार असतील तर मी थांबवू शकत नाही."

जमीनमालक म्हणजे दीर आणि मी. घरी आल्यावर तो माझ्यासमोर बसला.

"वहिनी, एक सही करा. या टाक्यांवर वाकून वाकून आईची कंबर गेली. तुमचे हात बघा. गल्लीतली पोरं कामासाठी गाव सोडून चाललीत. मी काय वाईट मागतोय?"

वाईट मागत नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्याचं एकेक वाक्य खरं होतं. पण नदीपलीकडच्या वस्तीत असाच खोल बोअर मारला होता आणि वर्ष सरायच्या आत तिथल्या सगळ्या विहिरी आटल्या. आता तिथे टँकर येतो, आणि टँकरवर भांडायला बायका पहाटेपासून उभ्या असतात. हे त्यालाही ठाऊक होतं.

"मोठी लॉन्ड्री हवी ना? काढ. पण मोजून, विहिरीला विचारून. ओरबाडून नाही."

"तुम्ही मला बुडवताय, वहिनी."

"बुडायला विहिरीत पाणी तरी राहू दे."

तो हसला नाही. "मग वाटणी करा," म्हणाला.

रडू आलं ते मी स्वयंपाकघरात जाऊन संपवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "कर."

अंगणात चुना पडला. विहीर माझ्याकडे, शेड त्याच्याकडे, फाटक दोघांचं. बोअर तो आपल्या हद्दीत, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर मारणार होता. कायद्याने मला बोलायला जागा नव्हती. जमिनीची वाटणी होते. खालचं पाणी चुन्याची रेघ बघून थांबत नाही.

बोअरची गाडी सकाळी आली. मी इस्त्रीचं टेबल ओढत नेऊन फाटकाच्या मधोमध मांडलं, वायर लांबवली, इस्त्री तापवली आणि दवाखान्याच्या चादरी करायला घेतल्या.

गाडीवाल्याने भोंगा वाजवला. मग उतरून म्हणाला, "मावशी, बाजूला घ्या की."

"दवाखान्याचं काम आहे. पेशंट ताटकळतील."

"फाटकात?"

"फाटक माझंही आहे. इथे उजेड चांगला पडतो."

गल्लीतल्या बायका दारांत आल्या. दीर धावत आला. पायांत चपला नव्हत्या. "वहिनी, तमाशा करू नका. हटवायला लावू नका मला."

"हटव ना. हाताला धरून हटव."

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. चादरीला एक घडी वाकडी पडली, ती मी पुन्हा केली. लहानपणी चड्डी सावरत माझ्यामागे लपणारा पोरगा समोर उभा होता आणि मी त्याची वाट अडवली होती. मला त्याची दया आली. तरी मी हलले नाही.

तेवढ्यात चुन्याची रेघ ओलांडून माझी जाऊ आली. त्याची बायको. लग्न झाल्यापासून घराच्या भांडणात तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. तिच्या एका हातात तिची इस्त्री होती आणि खांद्यावर अभ्र्यांचा गठ्ठा.

"ताई, जरा सरका."

मी सरकले. तिने इस्त्री लावली, बोट ओलं करून ताप बघितला.

"तूसुद्धा?" दीर म्हणाला.

तिने मान वर केली नाही. "मोठी लॉन्ड्री झाली की मला राणीसारखी ठेवणार होतात ना? राणी टँकरपुढे भांडं घेऊन उभी राहायची नाही. मॅडमना सांगा, पुढच्या वर्षी मोजा. नीट मोजा. तोपर्यंत आम्ही इथेच आहोत."

गाडीवाल्याने दिराकडे पाहिलं, दिराने आमच्याकडे. गाडी मागे गेली. जाताना गाडीवाला उद्या येतो म्हणाला.

"ये," जाऊ म्हणाली, आणि पुढचा अभ्रा उलगडला.