खिडकीकडे अर्धी फेरी

एका पूर्ण फेरीत मी सहा मिलिमीटर वर चढते. उलट फिरवले तर तेवढीच खाली येते. माझ्या पोटात आटे पाडलेला एक लोखंडी दांडा आहे आणि त्याच्या दोन आट्यांमध्ये बरोबर तेवढे अंतर आहे. वर बसलेल्या माणसाला हा फरक जाणवत नाही. मला मात्र जाणवतो.

मित्रांनो, मी एक जुनी फिरती तिवई आहे. सगळे मला स्टूल म्हणतात, पण ज्या सुताराने माझी गोल बैठक घडवली तो मला तिवई म्हणाला होता, आणि पहिले नाव कुणी टाकत नाही. माझा दांडा एका कारागिराने लेथवर कातला. तो पुन्हा पुन्हा नट चढवून बघायचा आणि नाराजीने च्च करायचा. शेवटी नट नुसत्या बोटाने गरकन फिरला, तेव्हा तो सुताराला म्हणाला, "घे, तुझ्या पोरीला नाचायला शिकवलं!"

माझी पहिली नोकरी मुलींच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत झाली. माझ्या तीन पायांना जोडणारी एक लोखंडी कडी आहे. नववीच्या मुली तिच्यात टाचा अडकवून बसायच्या आणि बाईंची पाठ वळली की गिरक्या घ्यायच्या. त्या वर्गाची एक चोरटी रीत होती. ज्या मुलीला जे स्टूल मिळेल ते वर्षभर तिचे, आणि वर्ष संपण्याआधी तिने बैठकीच्या खालच्या बाजूला, न बघता, नुसत्या हाताच्या अंदाजाने, कर्कटकाच्या टोकाने एक खूण कोरायची. माझ्या पोटाशी असे मासे, चांदण्या आणि वाकडी घरे आहेत. वरून मला पॉलिश मिळायचे. खाली कुणी पाहत नसे.

शेवटची मुलगी फार प्रश्न विचारणारी होती. "बेडकाला मान का नसते?" असे तिने एकदा विचारले आणि बाई क्षणभर स्वतःचीच मान चाचपत राहिल्या. तिने माझ्याखाली बेडूक कोरला. तीन पाय झाले आणि घंटा वाजली. चौथा राहिला तो राहिलाच, कारण त्याच सुट्टीत शाळेत नवी स्टुले आली आणि आम्हा जुन्यांची रवानगी सरकारी कचेऱ्यांत झाली. माझ्या वाट्याला विवाह नोंदणीची कचेरी आली.

तिथल्या निबंधक बाईंनी मला पाहताक्षणी बोटाने फिरवले आणि त्या खूश झाल्या. वधू असो की वर, बाई त्यांना आधी माझ्यावर बसवत. मग मला अर्धी फेरी देत. आता बसणाऱ्याची पाठ नातेवाइकांच्या बाकाकडे आणि तोंड खिडकीकडे. बाई स्वतः खिडकीपाशी उभ्या राहून हळू आवाजात तीनच गोष्टी विचारत. नाव, वय आणि मर्जी.

"एवढा सोपस्कार कशाला, बाई?" शिपाईमामांनी एकदा विचारले.

"पाठीमागे दहा डोळे रोखलेले असले की माणूस स्वतःचं नावसुद्धा चाचरत सांगतो, मामा. डोळे दिसेनासे झाले की जीभ सुटते."

वयाच्या बाबतीत बाई फार कडक होत्या. वधूची अठरा आणि वराची एकवीस वर्षे पूर्ण हवीत, हा कायदा. एकदा एक जोडपे वधूच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच हार घेऊन हजर झाले. बाईंनी त्यांना परत पाठवले. शिपाईमामा कळवळून म्हणाले, "एका दिवसानं काय आभाळ कोसळणार आहे?"

"पाणी नव्व्याण्णव अंशाला उकळतं का, मामा?"

"आमच्या किटलीत तर पासष्टलाच चहा होतो."

"म्हणूनच तो तसा लागतो," बाई म्हणाल्या. ते जोडपे दुसऱ्या दिवशी हसत आले आणि कोमेजलेल्या हारांनीच लग्न लागले. एकदा एक सत्तरीचे घड्याळजी आणि त्यांच्याच वयाच्या परिचारिका आल्या होत्या. "माझं वय खुशाल विचारा," घड्याळजी म्हणाले, "हिचं विचाराल तर लग्न मोडेल!" त्या दिवशी मी दोघांनाही फिरवून आनंदाने करकरले.

ती करकर म्हणजे आजाराची सुरुवात होती, हे मला कळले नाही. पावसाळ्यात दांड्यावर गंज चढला. बाई म्हणाल्या, "मामा, हिला तेल द्या." मामा म्हणाले, "उद्या देतो." मित्रांनो, त्या उद्याची मी महिनोन् महिने वाट पाहिली. एके दिवशी मी अडकले ती अडकलेच. लग्नसराईची गर्दी होती. बाईंनी दोनदा जोर लावला, मग नाद सोडला आणि टेबलाच्या पलीकडूनच प्रश्न विचारू लागल्या. आता बसणाऱ्याच्या समोर नातेवाइकांचा बाक असे. नववधू उत्तर देण्याआधी बाकाकडे बघू लागल्या. मला ते दिसत होते, पण माझ्या हातात काय होते? मला तर हातच नाहीत.

अशा दिवसांत एका सकाळी एक वधू माझ्यावर बसली, तिच्या टाचा सरळ माझ्या कडीत गेल्या आणि मी हादरले.

टाचा अडकवणे हा काही पुरावा नव्हे. मोठ्या बायकाही तशा बसतात. पण ही आधी डावी टाच अडकवायची, मग उजवी, आणि मग कडीवर दोनदा ठोकायची. ही माझी बेडूकवाली होती. मागच्या वर्षी हिने माझ्यावर बसून मीठ विरघळवले होते. आज हिच्या गळ्यात हार होता. लाकडाला घाम फुटत असता तर मला त्या क्षणी फुटला असता.

बाकावर तिची आई होती आणि आईचा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा. मुलीचे वडील वारले होते आणि मायलेकी या मामाच्या घरी राहत होत्या, हे मला महिनाभरापूर्वीच कळले होते. मामा लग्नाची नोटीस द्यायला आला होता, तेव्हा ही आई त्याच्यासोबत होती. तिने बाईंसमोर दोनदा तोंड उघडले आणि दोनदा नुसते पाणी मागितले. शेजारी नवरा मुलगा होता, पस्तिशीचा, औषधांच्या दुकानाचा मालक, घामाघूम.

"वय?" बाईंनी मुलीला विचारले.

मुलीने मामाकडे पाहिले.

"एकोणीस," मामा म्हणाला. "जन्माचा दाखला घर बदलताना गहाळ झाला. मी शपथेवर लिहून दिलंय की."

"मी तिला विचारलं."

"एकोणीस," मुलगी म्हणाली. तिचा आवाज तिचा नव्हता.

बाईंनी तिच्याकडे पाहिले. एकदा माझ्याकडेही पाहिले. मग पेन उचलले. मला आयुष्यात प्रथमच वाटले, आपण मोडून पडावे, इथेच, आत्ता.

मुलीने भीतीने बैठकीची कड घट्ट धरली. तिची बोटे खाली गेली आणि थांबली. मग हळूहळू पुढे सरकली. एक पाय, दोन पाय, तीन.

"अय्या, माझा बेडूक!"

सगळे दचकले. "डोकं फिरलं काय पोरीचं?" मामा पुटपुटला.

"काय गं?" बाईंनी पेन खाली ठेवले.

"हे आमच्या लॅबमधलं स्टूल आहे! मी खाली बेडूक काढलेला. एक पाय राहिला, घंटा झाली ना..." एवढे बोलून तिने जीभ चावली.

बाई उठल्या, वाकल्या आणि त्यांनी माझ्याखाली पाहिले. सरळ झाल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. "ही स्टुलं मागच्या सुट्टीत इथं आली," त्या म्हणाल्या. "ती नववीची होती ना? म्हणजे गेल्या वर्षी तू नववीत होतीस."

मामा हसला. "अहो, असेल! दोन-तीनदा नापास झाली असेल. ढ आहे ती."

"मी कध्धीच नापास झाले नाही!" मुलगी उसळून उभी राहिली. "विज्ञानात पहिली आले होते, विचारा आईला!"

शिपाईमामांच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. नवऱ्या मुलाने गळ्यातला हार काढला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचून हातातच धरला. "मला एकोणीस सांगितलं होतं," तो म्हणाला.

"तुम्ही तिला विचारलंत?" बाई म्हणाल्या. "कुठल्या इयत्तेत आहेस, एवढं तरी?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"शाळेत उशिरा घातली होती," मामा आता चढ्या आवाजात म्हणाला. "बेडकाचं चित्र म्हणजे काय जन्माचा दाखला झाला? माझी शपथ मोठी की स्टुलाची? मी ह्या दोघींना पोसतो, बाई. वर्षभर. ह्या बाकावर कुणी आहे का ना म्हणणारं?"

बाकावर आई होती. ती जमिनीकडे पाहत होती.

बाई तिच्यापाशी गेल्या. "आई, शाळेचा दाखला मी आज ना उद्या मागवीनच. पण तोवर हिला कुठल्या गावी नेऊन कुठल्या टेबलासमोर बसवतील, ते मला कळणार नाही. इथं येऊन बसा."

आई येऊन माझ्यावर बसली. तिचे वजन मुलीपेक्षा फारसे जास्त नव्हते. समोर तिचा भाऊ उभा होता आणि तिच्याकडे टक लावून पाहत होता. ती तिसऱ्यांदा तोंड उघडून म्हणाली, "पाणी..."

"पाणी नंतर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझी कड धरली. "शिपाईमामा, या इकडे. जोर लावा."

शिपाईमामांनी पेला ठेवला आणि दुसरी बाजू धरली. मी हलले नाही. तेव्हा नवरा मुलगा हार टेबलावर टाकून पुढे आला आणि त्यानेही हात घातला.

मित्रांनो, ज्या वस्तूंचे काम माणसाला निर्धास्तपणे बोलू देणे हे असते, त्यांना तेल आजच द्या. उद्यावर टाकू नका. मी वाचले ती केवळ तीन माणसांच्या जोराने. गंजाचा भुगा पडला, दांडा किंचाळला आणि मी फिरले. अर्धी फेरी. भाऊ पाठीमागे गेला. समोर खिडकी आली, आणि खिडकीपाशी टाचा जुळवून उभी असलेली मुलगी.

आई तीन मिलिमीटर उंच झाली होती. तिने पदराने तोंड पुसले.

"नाव?" बाईंनी हळू आवाजात विचारले.

आईने आपले नाव सांगितले.

"तुमच्या मुलीचं वय?"

"पंधरा," आई म्हणाली. मग मागे न बघता, पण मागच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, हे लग्न होणार नाही. आम्ही दोघी आज तुझ्या घरी येणार नाही, आणि सोमवारी ती शाळेत जाणार."