हळदीच्या पडद्यावरची सावली

ड्रॉइंग मास्तर हा शाळेतला सगळ्यांत फुकट माणूस. नकाशे त्याने रंगवायचे, स्वागताची पाटी त्याने लिहायची, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मुलींचा नाट्यप्रवेश ठरला की पडदेही त्यानेच टांगायचे. १९२९ साली सोलापुरात आमच्या मुलींच्या शाळेत वीज नव्हती, आणि कार्यक्रम तर दुपारी चारचा. तरी हेडमास्तरांच्या पत्नी रुक्मिणीबाई मला म्हणाल्या, "मास्तर, पाठवणीच्या गाण्याला उजेडाची काहीतरी करामत करा. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

गाणं माझ्या थोरल्या बहिणीचं होतं, गोदाअक्काचं. तिनेच रचलेलं, चालही तिचीच. सतराव्या वर्षी ती विधवा होऊन, केस उतरवून माहेरी परत आली, त्याला अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. कधी न झालेल्या लेकीची पाठवणी तिने अशी रचली होती की ऐकताना मी हातातलं काम बाजूला ठेवायचो. रुक्मिणीबाईंनाही तिचाच गळा हवा होता. फक्त ती सवाष्णींच्या समारंभात दिसायला नको होती. "पडद्यामागून म्हणू देत," त्या म्हणाल्या. "नाव काही सांगायचं नाही."

मला राग आला. राग आला की मला युक्ती सुचते, हिंमत मात्र येत नाही. मी ठरवलं, अक्काची सावली दाखवायची. सावलीच्या कपाळावर कुंकू आहे की नाही, कोण बघणार? नवरी पडद्यापुढे बसेल, मागे आईची सावली उभी राहून गाईल, आणि निदान एकदा ते गाणं अक्काच्या अंगातून निघताना लोकांना दिसेल.

अक्काला सांगितलं तेव्हा तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मला दिसू देतील?"

"तुला नाही. तुझ्या सावलीला."

"तेवढं पुरे की रे."

अकरा वर्षांत तिने काही हवं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

पांढरं धोतर हळदीच्या पाण्यातून काढून मी पडदा केला. मागून ऊन पडलं की त्यावर अगदी संध्याकाळ व्हायची. शेजारच्या वकिलांचा पुरुषभर उंचीचा आरसा शाळेच्या शिपायाने, सिदूने, हातगाडीवरून आणला. तो मागच्या अंगणात उभा करून आम्ही ऊन दारातून आत फेकलं. तालमीला अक्काला आणणं शक्य नव्हतं, म्हणून तिच्या जागी नवरी होणारी मालतीच उभी केली. सोनेरी पडद्यावर लांब मान आणि मानेवर भरघोस अंबाडा.

"मास्तर, लई झ्याक दिसतंय की!" सिदू म्हणाला. मीही खूश झालो.

हळदीकुंकवाच्या दिवशी अक्का मागच्या दाराने आली आणि पडद्याला बाजू देऊन, तोंड जरा पडद्याकडे वळवून उभी राहिली. मालती पुढे जाऊन बसली. मी आरसा फिरवला.

सावली पडली आणि त्याच क्षणी माझी चूक मला दिसली. डोक्यावर घट्ट पदर, आणि मागे अंबाडा नाही. नुसतं गोल डोकं. केस उतरवलेल्या बाईशिवाय ते कुणाचं असूच शकत नव्हतं. वर्षानुवर्षं मुलींना बाह्यरेषा शिकवणाऱ्या माझ्या एवढं ध्यानात आलं नव्हतं, की सावलीत कपाळ लपतं, डोकं लपत नाही. पडद्यापलीकडे बांगड्या वाजल्या. "अगं बाई, आणि नवरीच्या पाठीशी!" कुणीतरी म्हणालं.

अक्काचं पहिलंच कडवं चालू होतं. मला कुणी काही सांगितलं नाही. रुक्मिणीबाई जागच्या उठल्याही नव्हत्या. मीच घाबरलो, नोकरीला घाबरलो, बायकांच्या तोंडाला घाबरलो, आणि मीच आरसा जमिनीकडे वळवला. पडदा विझला. अक्काचा आवाज जरा अडखळला, पुन्हा लागला. तिन्ही कडवी तिने म्हटली. बायका रडल्यासुद्धा. मग मालतीची दृष्ट काढली गेली, पन्हं वाटलं गेलं, आणि अक्का आली तशी मागच्या दाराने बाहेर पडली.

घरी जाताना मी म्हणालो, "मध्येच ढग आला गं अक्का. उजेडच गेला."

ती थांबली. तिने वर पाहिलं. चैत्रातलं आभाळ ते, त्यात बोटाएवढासुद्धा ढग नव्हता.

"बरं झालं आला," ती म्हणाली. "अकरा वर्षांनी मी मला पाहिलं, चिंतू. मलाच बघवेना."