बाह्या खाली ठेवणारे गाव

मित्रांनो, मी एक जुने रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. लोखंडी पेटी, तिच्या झाकणात उभी काचेची नळी, नळीत पारा, एक कापडी पट्टा आणि एक रबरी फुगा, एवढाच माझा संसार. फुगा दाबला की दंडावरचा पट्टा फुगतो आणि पारा वर चढतो. मग हवा हळूहळू सोडायची आणि ठोके ऐकायचे. ठोके ऐकायला माणूस लागते. मी फक्त आकडा दाखवते. पाऱ्याचा स्वभाव थंड, त्यामुळे माझी हकीकतही सपाटच निघेल. रडारड ऐकायची असेल तर शेजारचा वजनकाटा आहे. त्याने आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे बायका तोंडाला फडके बांधून ओळीने बसायच्या आणि नळ्यांत पारा भरायच्या. त्यांतल्या एकीने मला शून्यावर आणले, बराच वेळ डोळे बारीक करून पाहिले, मान हलवली आणि पेटी बंद केली. लहानपणच्या आठवणी म्हणाल तर एवढ्याच. त्यानंतर खोके, ट्रक, पुन्हा खोके, आणि मग हे गाव.

गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, जिथे डांबरी रस्ता संपतो तिथे. आरोग्य केंद्र दोन खोल्यांचे. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत; बाकीचे दिवस सगळा कारभार सिस्टरच्या हाती. सिस्टर याच गावची. बोलायला फटकळ, पण सुई टोचली तर कळू नये इतका हलका हात. मोठे हॉस्पिटल खिंडीपलीकडे आणि तिथला खर्च त्याहून पलीकडचा.

सुरुवातीच्या काळात माझा मान मोठा होता. खोकल्याचे औषध न्यायला आलेली माणसेही जाता जाता बाही वर करून बसत. पट्टा लावला नाही तर तपासल्यासारखे वाटत नाही, असे म्हणत. बायका नवऱ्यांना दंडाला धरून आणत. मुले रांगेत उभी राहून पारा चढताना बघत आणि हळूच फुगा दाबून पळत. सिस्टरचे मशीन खोटे बोलत नाही, असे बेकरीवाला सगळ्यांना सांगायचा. खरे सांगते, मित्रांनो, ते ऐकून मला बरे वाटायचे.

मग विम्याची भानगड सुरू झाली.

आजारपणाचा विमा विकणाऱ्या कंपन्या आधी तीन होत्या. पण गावात माणसे थोडी, त्यांतली म्हातारी जास्त आणि हॉस्पिटल लांब. कंपन्यांना ते परवडेना. दोघींनी गाशा गुंडाळला. जी उरली तिच्याकडे दोन पॉलिसी होत्या. एक स्वस्त, पण ज्यांच्या नावावर मागच्या दोन वर्षांत एकाही आजाराची नोंद नाही त्यांच्यासाठी. दुसरी बाकीच्यांसाठी, आणि तिचा हप्ता जवळजवळ दुप्पट. तो गावात कोणालाच झेपणारा नव्हता. कंपनीचा एजंट सज्जन होता. स्कूटरवरून यायचा, चहा प्यायचा, आणि नियम मी केलेले नाहीत असे प्रत्येक ओट्यावर सांगायचा.

त्याच सुमारास आमच्या केंद्रात कॉम्प्युटर आला. ज्याचे जे मोजले ते त्याच दिवशी त्यात भरायचे, असा वरून हुकूम. गावाने या दोन गोष्टींची सांगड घालायला फार वेळ लावला नाही. मोजले तर नोंद, नोंद झाली तर स्वस्त पॉलिसी गेली. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" असे पहिल्यांदा कोण म्हणाले असेल? बेकरीवालाच. महिन्याभरात सगळे गाव तेच म्हणू लागले.

तेव्हापासून लोक केंद्रात येताना बाह्या खाली ठेवून येऊ लागले. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट, मनगटाशी गुंडी लावलेली. सिस्टरने पट्टा हातात घेतला की समोरचे माणूस उठून उभे राही. आधी ती चिडायची. आजार अंगावर काढाल आणि एक दिवस कोसळाल, असे तोंडावर सांगायची. लोक हसून म्हणत, झाकली मूठ सव्वा लाखाची. हळूहळू तिचे चिडणे कमी झाले. लोकांचे चुकतेय असे ठामपणे म्हणायलाही तिची जीभ रेटेना, कारण खिंडीपलीकडच्या हॉस्पिटलची बिले तिनेही पाहिली होती. शेवटी तिने मला रिकाम्या सलाइनच्या खोक्यांमागे कपाटात ठेवून दिले. वाईट वाटले का? थोडे वाटले. मग धूळ बसत गेली आणि तेही वाटेनासे झाले.

सिस्टरला एक धाकटा भाऊ होता. वेल्डर. लोखंडी फाटके आणि जिन्याचे कठडे बनवायचा. गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही असा मागचा सांधाही घासून गुळगुळीत करणारा माणूस. त्यामुळे कामे उशिरा व्हायची आणि बायको कुरकुरायची. बायको शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवण्या-उतरवण्याचे काम करी. त्यांना एक मुलगी. काही वर्षांपूर्वी या भावंडांचे वडील छपरावरून पडले तेव्हा कोणाचाच विमा नव्हता. त्या आजारपणात वर्कशॉपची मागची अर्धी जागा विकली गेली. मध्ये विटांची भिंत उभी राहिली आणि भिंतीपलीकडे आता दुसऱ्याचे गॅरेज चालते. त्या दिवसापासून भावाने एकच ध्यास घेतला होता: दोन वर्षे स्वच्छ काढायची आणि तिघांची स्वस्त पॉलिसी घ्यायची.

दोन वर्षे संपत आली होती. एका शनिवारी भावजय केंद्रात आली. रोज सकाळी नवऱ्याचे डोके मागच्या बाजूने ठणकते, परवा नाकातून रक्त आले, असे तिने सांगितले. "वन्सं, कुठं लिहू नका. पण घरी येऊन एकदा बघा तरी," ती म्हणाली. सिस्टरने आजवर असे कोणासाठी केले नव्हते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिने मला पुसले, पिशवीत घातले आणि भावाच्या घरी नेले.

भाऊ काही हात पुढे करेना. सिस्टर रागावली तेव्हा त्याने आपली अडचण सांगितली.

"ताई, त्या अर्जात एक प्रश्न आहे. तुम्हाला एखादा आजार असल्याचं माहीत आहे का? मला माहीत नसेल तर मी 'नाही' लिहीन आणि ते खरं असेल. तू सांगितलंस की मला खोटं लिहावं लागेल. ते मला नाही जमायचं."

मित्रांनो, बाकीचे गाव असल्या प्रश्नापुढे डोळे मिटून 'नाही' लिहीत होते. कोणाची झोप उडाली नव्हती. या एका माणसाला खोटे लिहायचे नव्हते, म्हणून त्याने खरे काय ते न ऐकण्याचा मार्ग शोधला होता. मला हा प्रकार समजला नाही. अजूनही समजत नाही.

शेवटी भावजयीने तोड काढली. वन्संनी मोजायचे, पण नवऱ्याला सांगायचे नाही. भाऊ कबूल झाला. त्याने बाही वर केली आणि खिडकीबाहेर, विटांच्या त्या भिंतीकडे बघत बसला. सिस्टरने फुगा दाबला. एरवी जिथे ठोके बंद पडतात तिथे ते चालूच होते, म्हणून तिने आणखी दाबला. मग हवा सोडली, थोडे थांबली आणि पुन्हा मोजले. एवढ्या वर मी पूर्वीही गेले होते. पण त्या माणसांना सिस्टरने त्याच दिवशी खिंडीपलीकडे पाठवले होते.

"अरे, ऐक जरा," ती म्हणाली.

त्याने खरोखरच दोन्ही कानांवर हात ठेवले. मग तिचा चेहरा बघून खाली घेतले आणि समजुतीच्या सुरात बोलला.

"तीन-चार महिने गं, ताई. कार्ड हातात आलं की तू म्हणशील ती गोळी घेईन. बाबांच्या वेळचं तू पाहिलंयस ना? तसं हिच्यावर आणि पोरीवर यायला नको."

सांगितले तर भाऊ अर्जात लिहिणार आणि तिघांचाही विमा हातचा जाणार, हे सिस्टरला माहीत होते. तीन-चार महिने निघतील, असेही तिला वाटले असावे. तिने पट्टा सोडवून गुंडाळला, माझे झाकण लावले आणि जाताना भावजयीला एवढेच सांगितले की, मीठ कमी घाल. मला त्या दिवशी राग आला. पाऱ्याला राग शोभत नाही, पण आला.

मीठ कमी झाले. अर्ज गेला, मंजूर झाला. एजंट स्वतः कार्ड घेऊन आला आणि पेढे न घेताही खूश होऊन गेला. मात्र जाता जाता म्हणाला की पहिल्या एका महिन्यातले आजारपण कंपनी धरत नाही, तेवढा जाऊ द्या. भावाने तोही महिना काढला. कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून कामाला जायचा. महिना संपल्यावर त्याने बहिणीला निरोप धाडला: एका शाळेचे फाटक हातात आहे, ते उभे केले की येतोच. सिस्टरने मला कपाटातून काढून टेबलावर ठेवले. नवा कपडा घेऊन काच पुसली. रोज दुपारपर्यंत ती दाराकडे बघायची.

तो आला नाही. फाटकाचा शेवटचा सांधा मारताना त्याच्या डाव्या हातातून पकड गळून पडली. वाकून उचलायला गेला, तो उठलाच नाही. गॅरेजवाल्यांनी भिंतीपलीकडून हाका मारल्या, मग येऊन त्याला गाडीत घातले आणि खिंडीपलीकडे नेले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. महिनाभर तो तिथे होता.

नंतर कंपनीचा तपासनीस केंद्रात आला. तरुण होता, नम्र होता. त्याने कॉम्प्युटर पाहिला, मग सिस्टरला विचारले की यांना आधीपासून काही त्रास होता का.

"नोंद नाही," सिस्टर म्हणाली.

ते खरेच होते. तपासनिसाने सही घेतली आणि तो गेला. मी टेबलावर झाकण उघडे ठेवून बसले होते, पण मला कोणी विचारले नाही. कंपनीने हॉस्पिटलचा सगळा खर्च दिला, पैसा न् पैसा. गावात त्याचे केवढे कौतुक झाले. बघा, दोन वर्षे दम धरला म्हणून निभावले, असे बेकरीवाला सगळ्यांना सांगू लागला. त्यानंतर लोकांनी मनगटाच्या गुंड्या आणखी नीट लावल्या.

भाऊ आता दर सोमवारी येतो. एका हातात काठी असते. वर्कशॉपची पुढची अर्धी जागा विकावी लागली नाही, पण बंद आहे. भावजय त्या रविवाराबद्दल बोलत नाही. सिस्टरही बोलत नाही. आल्यावर तो काठी टेकवून ठेवतो आणि उजव्या हाताने आपला डावा हात उचलून माझ्यासमोर ठेवतो. सिस्टर दुसरा हात दे म्हणते. तो म्हणतो, हाच घे, याला तेवढं तरी काम राहू दे. ती मग निमूट पट्टा बांधते आणि फुगा दाबते.

परवा मी पुरती फुगले होते. पारा वर जाऊन थांबला होता. भाऊ दाराकडे बघत होता.

"ताई, बांधलास का पट्टा?" त्याने विचारले.

"बांधलाय," ती म्हणाली.

"मग सांग. किती आहे?"

तिने हवा सोडली, ठोके ऐकले आणि आकडा सांगितला. तो चांगला होता. त्याने मान डोलावली.

मित्रांनो, तुमच्याही घरात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारे कोणी असेल. त्यांना एकदा माझ्यासारख्या एखाद्या यंत्रापुढे बसवा. आकडा वाईट निघाला तर पॉलिसी महाग होईल, तुमचे वडील चिडतील, आई हिशेब मांडत बसेल. ते खरे आहे आणि त्यावरचा उपाय मला माहीत नाही. तरी बसवा. आणि मोजणारे माणूस गप्प राहून पेटी बंद करू लागले, तर झाकणावर हात ठेवा आणि किती आहे ते मोठ्याने विचारा.