सहीपुरता रंग

केडगाव स्टेशनासमोर चांगदेव साळव्यांचं चहाचं हॉटेल आहे. त्यांची लेक गौतमी विमानं तपासते, हे ऐकून घेतल्याशिवाय तिथं कुणाच्या घशाखाली चहा उतरत नसे. या खेपेला ती सुट्टीवर आली, तर हॉटेलाच्या भिंतीवर चक्क विमानच! अख्खं नव्हे, तीन खिडक्यांचा, पुरुषभर उंचीचा पत्रा आणि वर झेंडूची माळ.

"प्रवाशांचं विमान मालवाहू करत्यात ना, तवा मोठ्या दारासाठी कापलेला तुकडा हाय ह्यो," चांगदेव गिऱ्हाइकांना सांगत होते. "दौंडच्या भंगारवाल्या कोंडिबानं विमानं दुरुस्त करत्यात त्या हँगरच्या भंगारात घेतला. त्यावर आमच्या गौतमीची तपासून पास केल्याची सही बघितली आन् मी हटूनच बसलो. आठ दिस औषध लावून रंग घासला. सहीपुरता तेवढा ठिवला!"

गौतमीला हसू आवरेना. कौतुकानं तिनं चकचकीत पत्र्यावरून हात फिरवला. आणि नख अडकलं.

"माझ्या ब्रशचा ओरखडा आसंल," चांगदेव ओशाळले.

तिनं मोबाइलची बॅटरी लावली. ओरखडा नव्हता. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या भोकातून निघालेली केसाएवढी चीर सहीच्या रंगाखाली शिरून पलीकडं थेट कापलेल्या कडेपर्यंत गेली होती. तिथं पत्रा संपत होता, चीर नाही. उरलेली चीर विमानात होती. दार कापण्याआधी हा भाग तपासला त्या दिवशी हँगरमध्ये घाई होती, वरचा रंग कोरा करकरीत दिसत होता, म्हणून तो काढायला न लावताच तिनं सही ठोकली होती.

"आबा, हे विमान अजून उडतंय."

"माणसं असत्यात त्यात?"

"दोन पायलट."

चांगदेवांनी हातातला कप खाली ठेवला. "मंग माझ्या तोंडाकडं काय बघती? फोन लाव!"

तिनं हँगरच्या साहेबांना चिरेचं सांगितलं आणि सहीशेजारचा विमानाचा नंबर वाचून दाखवला. त्यांनी फोन धरून ठेवायला सांगितलं.

"धावपट्टीकडे निघालं होतं. थांबवलं," साहेबांचा आवाज आला. "पण हे पास कुणी केलं होतं?"

"मी, सर."

"रंग काढून बघितलं होतंस ना?"

गौतमीनं बापाकडं पाहिलं. ते झेंडूची माळ उतरवत होते.

"नाही, सर," ती म्हणाली. "रंग माझ्या वडिलांनी काढला."