नेवेनाचा पहिला नकार

नोवी साद शहरात मावशीच्या फुलांच्या दुकानात काम करणाऱ्या नेवेनाला कुणालाच नाही म्हणता येत नसे. सुट्टीच्या दिवशीही दुकान तीच उघडायची आणि शेजारणीची मांजरंही तीच सांभाळायची. मग तिला वुकाशिनचा पॉडकास्ट सापडला. "पाठ ताठ ठेवा, शांतपणे नाही म्हणा, आणि कारण अजिबात सांगू नका," असं तो मधाळ आवाजात सांगे. गुलाबांचे काटे काढता काढता नेवेना त्याची पारायणं करू लागली.

एके दिवशी खुद्द वुकाशिनच दुकानात आला. तो मधाळ आवाज नेवेनाने लगेच ओळखला.

"संध्याकाळी नाट्यगृहात माझा कार्यक्रम आहे. स्टेज फुलांनी सजवून दे," तो म्हणाला. "पैसे नाही मिळणार, पण तुझं नाव घेईन. माझ्यासाठी एवढं करशील ना?"

नेवेनाने पाठ ताठ केली. "नाही."

"का?"

"कारण नाही सांगणार."

वुकाशिन लालबुंद झाला. "अशाने आयुष्यात काही होणार नाही तुझं, पोरी!" म्हणत तो दार आपटून निघून गेला.

"कोण गं हा मेला?" कॉफी ओतता ओतता मावशीने विचारलं.

"माझे गुरुजी," नेवेना म्हणाली आणि पुन्हा गुलाबांचे काटे काढू लागली.

पॉडकास्टच्या पुढच्या भागात वुकाशिनने नोवी सादच्या एका कोत्या मनाच्या, उर्मट फुलवालीची कहाणी गहिवरल्या आवाजात सांगितली. नेवेनाने ती दोनदा ऐकली, मग मावशीलाही ऐकवली. नेवेनाचं म्हणणं आजवर कुणीच इतकं मनावर घेतलं नव्हतं.